दार कुणी वाजवलं

आमच्या पोर्थवेनला बायकांचं वाचनमंडळ चॅपलमागच्या खोलीत भरायचं. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी विणत ऐकायचं. त्या हिवाळ्यात वाचायचं काम माझ्याकडे होतं आणि पुस्तक होतं 'काळ्या कड्यावरचं घर'. तीस वर्षांपूर्वीचं, पण अजून सगळीकडे वाचलं जायचं. लिहिणाऱ्या मिस होस्किन आमच्याच वरच्या आळीला राहायच्या, मात्र गावात फारशा उतरायच्या नाहीत.

गोष्टीत नवरा बेपत्ता, दीर घर बळकावायला टपलेला आणि बायको त्या अवाढव्य घरात एकटी. शेवटच्या पानावर पहाटे दार वाजतं. ती मेणबत्ती घेऊन खाली येते, अडसराला हात घालते. तिथेच पुस्तक संपतं.

मी पुस्तक मिटलं आणि एकच गलका उडाला.

"हे काय? पुढची पानं फाटलीत का गं, हेस्टर?"

"दीर असणार तो. कुऱ्हाड घेऊन आलाय मेला," मॉर्वेना म्हणाली.

"तुला मेलीला सगळीकडे दीरच दिसतो! नवराच तो. नाहीतर हिवाळाभर ऐकून काय मिळवलं आपण?"

"नवरा कसला? भूत आहे भूत!"

हशा पिकला. मग एकदम सगळ्यांच्या माना विणकामावर वळल्या. कोपऱ्यात टॅमसिन बसलेली आहे हे उशिरा ध्यानात आलं.

तिचा नवरा जॅगो शरदातल्या वादळात बोट घेऊन गेला होता. बोटीवरच्या बाकी दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, याचं लागलं नाही. त्याची आई, म्हातारी ॲनी, चॅपलच्या भिंतीत त्याच्या नावाचा दगड बसवा म्हणून सुनेच्या मागे लागली होती. टॅमसिन ऐकायची नाही. रोज त्याच्या वाट्याची पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, भाजायची, तिच्या काठावर त्याच्या नावाचं अक्षर काढायची आणि दुसऱ्या दिवशी ती कुत्र्याला घालायची.

"कोण होतं गं दारात?" तिने मला विचारलं.

"लिहिलेलंच नाही, टॅमसिन."

"लिहिणारीला ठाऊक असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चढण चढायला लागली, तशी मीही मागोमाग निघाले. कड्याच्या वाटेने तिला एकटीला जाऊ द्यायला माझं मन धजेना.

मिस होस्किननी आम्हाला शेकोटीपाशी बसवलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती. प्रश्न ऐकून त्या हसल्या. "सगळे हेच विचारतात. ते वाचणाऱ्याने ठरवावं, पोरी."

"मला ठरवता येत नाही. म्हणून तर आले."

"अगं, गोष्ट आहे ती."

"असू दे गोष्ट. तुम्ही इथे उबेला बसलात आणि तिला तिकडे अडसराला हात लावून उभी ठेवलीत. तिने झोपायचं कधी? जेवायचं कधी?" टॅमसिन खाली गुडघ्यांवर बसली आणि तिने म्हातारीचा झगा मुठीत धरला. "उघडा ते दार, बाई. माझ्यादेखत उघडा. पाया पडते तुमच्या."

मी तिला उठवायला गेले, तर तिने मला झिडकारलं.

मिस होस्किनचं हसू मावळलं होतं. त्या म्हणाल्या, "मी मुद्दाम नाही केलं तसं. घाबरले मी."

"कशाला?"

"बाहेर कुणीच नव्हतं गं. वारा होता. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. लिहायला हात धजला नाही."

टॅमसिन रडली नाही. "उपकार झाले," म्हणाली आणि उठली. घरी न जाता ती सरळ सासूच्या दारात गेली. ॲनी बटाटे सोलत होती.

"आई, दगड बसवून घ्या. उद्या कारागिराकडे जाऊ."

इतके महिने जे ऐकायला म्हातारी आसुसली होती, तेच ऐकून तिची सुरी थबकली. "काही मिळालं का त्याचं? कुणी काही सांगितलं?"

"नाही."

"मग तू कशाला दगड म्हणतेस?" तिचा आवाज चढला. "दगडाचं मी बोलायची! तुझं काम 'नाही' म्हणायचं! तू 'नाही' म्हणायचीस, म्हणून मला झोप लागायची गं. वाटायचं, हिला काहीतरी आतून कळत असेल. आता 'नाही' कोण म्हणणार?"

टॅमसिन जवळ गेली, तशी ॲनीने तिच्या छातीवर मुठी आपटल्या. आपटत राहिली आणि शेवटी तिच्याच गळ्यात पडली. तेव्हा कुठे टॅमसिनला रडू फुटलं. दोघी बटाट्याच्या सालींवरच खाली बसल्या. मला तिथे उभंही राहवेना आणि निघूनही जाववेना.

मंडळात मी मिस होस्किनचं उत्तर सांगितलं, तर मॉर्वेना भडकली. "लिहिणारीला काय कळतंय? मी सगळं ऐकलंय, मला ठाऊक आहे!" कुणी हसलं नाही.

दगड वसंतात बसला. टॅमसिन ॲनीकडे राहायला गेली. रविवारी चॅपलमध्ये दोघी एकाच बाकावर बसायच्या. त्या दगडाच्या बाजूला टॅमसिन आणि तिच्या पलीकडे ॲनी, दगडाकडे न बघता मान दुसरीकडे वळवून.