वाडग्यातलं विष

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी बाहेरच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यापर्यंत माणसं. मधोमध पाण्याने भरलेलं काचेचं वाडगं आणि त्यावर वाकलेले एक मंत्र-तंत्रवाले बाबा. त्यांनी पाण्यात चमचाभर तेल ओतलं, काडीने घुसळलं. बारीक बारीक थेंब सगळीकडे पसरले.

"हे तुझ्या रक्तातलं विष, बाळ! डॉक्टरला दिसलं? नाही दिसलं. मशीनला दिसलं? मशीनला काय डोळे असतात?"

बहिणीने वाडग्यावर हात धरला. बाबा पुटपुटू लागले. थेंब एकमेकांकडे सरकले, दोनाचा एक झाला, आणि बघता बघता तेलाचा एकच पिवळा गोळा तरंगू लागला. जिन्यावरून "अहाहा!" उठलं. बाबांनी तो कापसाने टिपला आणि मोरीवर जाऊन आले.

"विष निघालं. आता त्या सुया माझ्या हवाली कर."

बहीण फ्रिजकडे गेली. कालपासून तिने इन्सुलिन घेतलं नव्हतं. ओठ कोरडे पडले होते, सारखी पाणी पीत होती.

आणि मी? चष्मा पुसत होतो. सगळा जन्म ग्रंथालयात गेला. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. काल तिला मी तेला-पाण्याच्या रेणूंबद्दल तासभर समजावलं, तर ती जांभई देत म्हणाली, "दादा, तुझं पुस्तकातलं राहू दे." मला कधी कुणाला काही पटवता आलंय का?

पण इन्सुलिनचा डबा बाबांच्या हातात गेला आणि मला उभं राहवेना.

"जरा... मंत्र न म्हणता घुसळता का?"

"आजोबा, गप बसा की!" शेजारीण खेकसली.

मी स्वयंपाकघरात शिरलो. नळाचं पाणी पातेल्यात घेतलं, बहिणीच्याच बरणीतलं तेल ओतलं, सगळ्यांसमोर आणून घुसळलं. "कुणी हात लावू नका. बोलूही नका."

मी काडी ठेवून मागे सरकलो. थेंब मात्र निवांत एकत्र आले.

"हे पातेलं कुठे आजारी आहे?" मी विचारलं. कुणीतरी खुदकन हसलं.

"नास्तिकासमोर विष उलटतं!" बाबा गरजले आणि त्यांनी पातेल्यात बोट बुडवलं. तेल फुटून कडांना पळालं. खोली शहारली.

बहिणीने बाबांचं बोट धरून हुंगलं. "अय्या, हा तर माझ्या भांड्याच्या साबणाचा वास! मघाशी मोरीवर गेलात ते यासाठी होय?"

तिने डबा ओढून घेतला. जिना भराभर रिकामा झाला. त्यात बाबाही कधी उतरले, कळलं नाही. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तशी सुई घेतली. मग माझ्याकडे वळली. "दादा, काल असंच दाखवायचंस ना!"

बरोबर आहे तिचं. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून असतात. तेलाला धरायला हातच नाहीत. त्याच्याभोवती पाण्याला अवघडून राहावं लागतं, म्हणून ते तेलाला एका जागी लोटतं. तेल जेवढं एकवटेल, तेवढं पाणी मोकळं. साबण पाण्याची ही पकड ढिली करतो आणि तेल पांगतं. यात ना विष, ना मंत्र.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका. पातेलं घरात आहे, करून बघा. आणि औषध सोडायला सांगणाऱ्याला आधी हात धुवायला लावा.