पाण्याचे डोहाळे

चिमणी कुत्री गाभण आहे, हे विमलताईंनी अर्ध्या मुकुटबन गावाला सांगून टाकलं होतं. पिल्लंही वाटून झाली होती. काळं निघालं तर ते शेजारच्या जमनाबाईंचं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात, ते असं.

चिमणीचं पोट वाढलं होतं हे खरं. पण ती जेवढं पाणी पीत होती, ते काही ठीक नव्हतं. सकाळी भरलेली बादली दुपारी तळाला जायची. मग ती गोठ्यातल्या टाक्यात तोंड घालायची, अंगणात जागोजाग मुतायची, अन् परत पाण्याकडे यायची.

"डोहाळे लागले तिले पाण्याचे," विमलताई कौतुकानं म्हणायच्या.

सून दिपाली रोज तिच्यापुढे भाकरी कुस्करायची. चिमणी नुसती हुंगायची. "आई, हे खात काहून नाही मंग? अन् मागून घाण जाऊन राह्यली तिच्या. वणीच्या डॉक्टरले दाखवू ना."

"वांझेले काय समजते डोहाळ्यातलं!"

लग्नाला इतकी वर्षं होऊनही दिपालीची कूस उजवली नव्हती. हा शब्द घरात नवा नव्हता, तरी दर वेळी तितकाच लागायचा. बायकांची जीभ बायकांवरच का एवढी चालते, देव जाणे. डॉक्टरचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. बादली मात्र भरत राहिली.

चिमणी उठेनाशी झाली, तेव्हा दोघी तिला ऑटोत घालून वणीला गेल्या. डॉक्टरांनी पोट तपासलं.

"पिल्लं नाहीत. गर्भपिशवीत पू झालाय. माजावर येऊन गेल्यावर होतं असं कुत्रीला. विष अंगात भिनलं की तहान भागत नाही. पाणी कधीपासून जास्त पीत होती?"

"लय दिवस झाले, सर," दिपाली म्हणाली.

"अहो, मग तेव्हाच आणायची ना! पिशवी काढून वाचली असती."

दिपालीनं सासूकडे पाहिलं. विमलताई पदराशी चाळा करत उभ्या होत्या. चिमणीनं तिथेच, टेबलावर जीव सोडला.

संध्याकाळी जमनाबाई फाटकाशी आल्या. "काय झालं वो चिमणीले?"

दिपाली नळाखाली चिमणीचं भांडं घासत होती. तिनं हात थांबवला. निदान आता तरी सासू खरं बोलेल, असं तिला वाटलं.

"नजर लागली, बाई," विमलताई म्हणाल्या. "घरातलीच."

जमनाबाईंनी कोणाची ते विचारलं नाही. त्यांनी फक्त नळाकडे पाहिलं.