बिनसाखरेचा थर्मास

सुदर्शनने घसा खाकरला आणि हातातला कागद डोळ्यांपासून थोडा लांब धरला.

“मंडळी, समोर ही जी दोन घरं दिसतायत ना, त्यातलं एक कोकराचं आणि दुसरं शहामृगाचं. स्कॉटलंडहून लोकर आणणारे व्यापारी इथे राहायचे. जवळजवळ अडीचशे वर्षं हे व्हेरे गाव त्यांच्या लोकरीवर जगलं.”

“वा!” कोणीतरी म्हणालं. तीस जणांनी माना वर करून भिंतीवरचं दगडी कोकरू पाहिलं.

घोळक्याच्या शेवटी उभ्या असलेल्या योगिनीचे ओठ नवऱ्याच्या आवाजाबरोबर हलत होते. वाक्यन्‌वाक्य तिचं होतं. ‘लोकरीवर जगलं’सुद्धा तिचंच. आधी तिने ‘अवलंबून होतं’ असं लिहिलं होतं, मग खोडलं होतं. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत दोन मोठे थर्मास, चाळीस कागदी पेले आणि शंकरपाळ्यांचा डबा होता. मिडलबर्ग स्टेशनपासून कालव्याच्या काठाने सात किलोमीटर हे ओझं तिने वाहून आणलं, कारण सुदर्शनचे हात मोकळे हवेत. वाचायचं असतं ना साहेबांना!

द हेगच्या मराठी मंडळाची ही २०१७ सालची पायी सहल. त्यासाठी योगिनी मार्चमध्ये तीनदा एकटी हा रस्ता चालून गेली होती, त्यातलं एकदा गारा झेलत. रायस्वाइकच्या लायब्ररीतली नोकरी सांभाळून तिने डच पुस्तकं धुंडाळली आणि इथल्या म्युझियममधल्या म्हाताऱ्या स्वयंसेविकेजवळ दोन दुपारी बसून टिपणं काढली. सुदर्शनचं डच चौदा वर्षांत आभाराच्या ‘दांक यू वेल’पुढे सरकलं नव्हतं. नगरपालिकेचं पत्र आलं की आजही तो ते मुकाट्याने तिच्यापुढे ठेवायचा. पण मंडळाच्या कमिटीवर तो होता. “तू नीट मराठीत लिहून दे, सांगतो मी,” तो म्हणाला होता. “तीस लोकांसमोर तुझी बोबडी वळेल.” आणि तिने लिहून दिलं होतं. आपण लिहून दिलं, याचाच तिला जास्त संताप येत होता.

“काय गं, पाठ आहे की काय तुला हे सगळं?”

शेजारी कुमुदिनीकाकू उभ्या होत्या, मंडळातल्या हिमानीच्या सासूबाई. नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि गुडघ्यांमुळे सकाळपासून योगिनीबरोबर मागेच चालत होत्या.

“मीच लिहिलंय, काकू.”

काकूंनी पुढे वाचणाऱ्या सुदर्शनकडे पाहिलं, मग योगिनीच्या खांद्यावरच्या पिशवीकडे.

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष रवींद्र टाळ्या वाजवत पुढे झाले.

“सुदर्शन, कमाल केलीस लेका! या वेळच्या दिवाळी अंकात लेख पाहिजे तुझा. आतापर्यंतच्या सहलींत अशी सहा गावं झाली ना तुझी? सहाही येऊ देत, तुझ्या फोटोसकट.”

“देतो की,” सुदर्शन म्हणाला. “आपलं थोडंफार वाचन असतं, एवढंच.”

थोडंफार वाचन! योगिनीचे कान तापले. सुदर्शनने क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर कोकराकडे वळवली. म्हणजे कळत होतं त्याला. सगळं कळत होतं.

ती त्याच्यापाशी गेली.

“लेख कोण लिहिणार?”

“आता इथे नको काढूस हं हे.”

“कोण लिहिणार?”

“अगं, तुझं-माझं असं काय असतं आपल्यात? घरचंच तर आहे.”

“घरचंच आहे तर माझं नाव घाल.”

“योगिनी, लोक बघतायत. जरा धर हे.” कागदांची फाइल तिच्या हातात कोंबून तो केस सारखे करत ग्रुप फोटोच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

“वहिनी, तुम्हीच काढा ना फोटो,” रवींद्रने आपला फोन तिच्या हातात दिला. “तुमचा हात स्थिर असतो.”

तिने तीन फोटो काढून फोन परत केला. सगळे फोटो कसे आलेत ते बघायला जमले, तेव्हा तिने फाइल उघडून शेवटचं पान काढलं, घडी घातली आणि कोटाच्या खिशात टाकलं. हात खरंच स्थिर होता.

चर्चच्या बाजूला दगडी छत्राखाली जुनी पाण्याची टाकी होती. तिथे पोचल्यावर सुदर्शनने तिच्याकडून फाइल घेऊन उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, परत पहिल्यावर आला.

“तर मंडळी, ही… विहीर. फार जुनी विहीर. इथे व्यापाऱ्यांचे घोडे पाणी प्यायचे.”

“पण चर्चला इतकी खेटून का?” हिमानीने विचारलं.

“ते धार्मिक कारण आहे.”

आणि लोकांनी माना डोलावल्या! तिच्या दोन महिन्यांच्या मेहनतीला डोलावल्या होत्या, अगदी तेवढ्याच. योगिनीला वाटलं, पिशवी इथेच आपटावी आणि चालू लागावं.

“योगिनी,” सुदर्शन दात आवळून हळूच म्हणाला, “शेवटचं पान कुठंय?”

“माझ्याकडे.”

“मग दे की!”

ती लोकांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली. खांद्यावरची पिशवी उतरवली आणि त्याच्या खांद्याला अडकवली.

“काकू दमल्यात. तू चहा दे सगळ्यांना.”

ती टाकीच्या पायरीवर चढून उभी राहिली. पान खिशातच राहिलं.

“ही विहीर नाही,” ती म्हणाली.

“वहिनी, मागे ऐकू येत नाही!” रवींद्र ओरडला.

“ही विहीर नाही!” आवाज चर्चच्या भिंतीवर आदळून परत आला. “घोडेबिडे काही नव्हते. चर्चच्या छपरावरचं पावसाचं पाणी या टाकीत साठायचं. स्कॉटिश व्यापाऱ्यांनी अट घातली होती, आम्ही इथे राहायचं तर पाणी चांगलं हवं आणि तसं लेखी द्या. नुसत्या तोंडी आश्वासनावर ते राहिले नाहीत.” तिने श्वास घेतला. “आणि रवींद्र, दिवाळी अंकातला लेख मी लिहीन. सहाही गावं मी पायी फिरलेय. यातलं एक अक्षर सुदर्शनचं नाही.”

कोणाचा तरी फोन वाजला आणि घाईने बंद झाला.

“पुढे?” हिमानी म्हणाली. “मिळालं का लेखी?”

“मिळालं ना. सांगते.” योगिनीने छपराकडे हात केला आणि तीस माना तिकडे वळल्या.

मागे सुदर्शन पिशवी घेऊन उभा होता. कुमुदिनीकाकूंनी त्याच्यापुढे कागदी पेला धरला.

“मला बिनसाखरेचा हं.”

त्याने पिशवीत बघितलं. दोन्ही थर्मास अगदी एकसारखे. एक बाहेर काढला, परत ठेवला, दुसरा काढला.

“योगिनी, बिनसाखरेचा कुठला गं?”

योगिनी बोलतच राहिली.

“तिला कशाला हाका मारताय, सुदर्शनराव?” काकू म्हणाल्या. “झाकणाला चिठ्ठी चिकटवलीये बघा तिने. वाचा की. वाचायला तर छान जमतं तुम्हाला.”