आख्यानात बाप कुठं होता?

चन्नाप्पांचं गडहिंग्लजला भांड्यांचं दुकान होतं, पण कुणी विचारलं तर ते स्वतःला शिवकीर्तनकार म्हणवायचे. गिऱ्हाइकानं कढई वाजवून बघितली तरी त्यांचा पाय ठेका धरायचा. अशा माणसाला दर शनिवारी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या माडीवर, गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसावं लागत होतं. आजारी लेकरांच्या आईबापांची बैठक होती ती. लेकरू औषधानं सावरतं, पण त्याच्याकडं बघून बघून आईबाप आतनं तडकलेले असतात. त्यांच्यासाठी दवाखान्यातल्या समुपदेशक प्रियदर्शनी मॅडम ती घ्यायच्या.

चन्नाप्पांना तिथं धाडलं होतं त्यांच्या बायकोनं, शिवलीलानं. सात वर्षांच्या लेकीला, दानेश्वरीला, रक्ताचा कॅन्सर. आजार आटोक्यात आला होता, तरी दर तीन महिन्यांनी पाठीच्या कण्यात इंजेक्शन घ्यावं लागे. पुढचं सोमवारी होतं, आणि या खेपेला पोरीनं अट घातली होती, "अप्पा आत पाहिजेत. न्हाईतर मी पाठ देणार न्हाई." इकडं अप्पांची गत अशी, की त्या खोलीचं दार नुसतं दिसलं तरी दरदरून घाम फुटायचा.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, "इथं मनातलं बोलायचं. कुणी मधे तोडणार नाही."

कीर्तनकाराला याहून मोठं आमंत्रण कुठलं? चन्नाप्पा उठले, खांद्यावरचं उपरणं त्यांनी कमरेला आवळलं. मधल्या स्टुलावर कागदी रुमालांचा डबा होता. श्रोते रडायच्या आधीच डोळे पुसायची सोय! असा यजमान त्यांना जन्मात भेटला नव्हता.

मग काय, सुटलेच. नाकातनं बोलणारे डॉक्टर, सलाईनच्या यंत्राशी भांडणारी शिवलीला, शीर सापडेना म्हणून स्वतःच रडवेली झालेली सिस्टर, सगळ्यांची सोंगं त्यांनी आणली. वर महादेवालाही सोडलं नाही. "देवानं हलाहल घेतलं, पण घशाखाली उतरू दिलं न्हाई. आमच्या दानेश्वरीनं केमोचं लाल औषध सगळ्या अंगात जिरवलं. कैलासावर पाटी बदला म्हणावं! आणि देवाच्या पाठीत ही सुई घातली असती, तर त्यानं विष परत समुद्रात ओतून दिलं असतं."

आईबाप पोट धरून हसले. मॅडमही हसल्या.

दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारीही, म्हणजे इंजेक्शनला दोनच दिवस उरलेले असताना, चन्नाप्पा आख्यानात त्याच जागी आले. "पोरीला कुशीवर वळवलं, गुडघे छातीशी घेतले, सुई आत गेली, पोरगी ओरडली... बोला, हर हर महादेव!"

सगळ्यांचे हात वर गेले. मुरगूडच्या शालूबाईंचे मात्र मांडीवरच राहिले. त्यांच्या पोराच्या हृदयाची झडप बदलली होती. बाई कीर्तनाच्या पक्क्या, आरतीच्या आधी कधी उठल्या नाहीत.

"म्हाराज, ह्ये काय?" त्या म्हणाल्या. "आख्यान अर्ध्यात टाकून जयजयकार? आमच्या गावात आसं केलं तर नारळ सुदिक हातावर ठेवत न्हाईत."

"अर्धं कुठं? संपलं की."

"न्हाय संपलं. डाक्टर झाला, सिस्टर झाली, बायकू झाली, म्हादेवबी झाला. तुमी कुटं हुतासा?"

चन्नाप्पांनी मॅडमकडं बघितलं. वेळ संपली म्हणून त्या सोडवतील असं वाटलं. मॅडमनी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

हाती घेतलेलं आख्यान त्यांनी आजवर कधी मोडलं नव्हतं. लाईट गेली, मांडव उडाला, यजमान पिऊन पडला, तरी पुरं केलं होतं. ते खाली बसले. सोंग न घेता बोलायची सवय नसल्यानं आवाज भलताच बारीक निघाला.

"पहिल्या वेळंला ती आतनं 'अप्पा, अप्पा' म्हणून ओरडली. मी जिना उतरून पळालो. कोपऱ्यावर गाडा होता. दोन प्लेट मिसळ खाल्ली. कट जादा घेतला." मग थांबून म्हणाले, "आणि चव लागली, मॅडम. लई चांगली लागली."



"मी दोन साड्या घेतल्या," शालूबाई म्हणाल्या. "पोराची छाती उघडलीती आन् मी दुकानात काठ बगत बसलेले. पैठणी घ्यावी का नको म्हून दुकानदाराशी भांडले बी."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. रुमालांचा डबा रिकामा झाला. मॅडम म्हणाल्या, "भेदरलेलं शरीर पळतं, महाराज. ते प्रेम मोजून पळत नाही. सोमवारी पळावंसं वाटलं, तर पोरीला तसं सांगा. फक्त सोंग आणू नका."

सोमवारी चन्नाप्पा आत गेले. दानेश्वरी कुशीवर वळली, त्यांचा अंगठा तिनं मुठीत धरला.

"पळावंसं वाटायलंय गं," ते कानात म्हणाले.

"मलाबी," ती म्हणाली.

सुई गेली. पोरगी किंचाळली. चन्नाप्पांनी तोंड उघडलं, पण ना देवाचं नाव निघालं ना विनोद. ते तिथंच खाली बसायला लागले. सिस्टरनं ढुंगणाखाली स्टूल सरकवलं म्हणून बरं.

"झालं," डॉक्टर नाकातनं म्हणाले. "आता तासभर हलायचं नाही, बाळ."

दानेश्वरीनं डोळे पुसले. "अप्पा, तुमीबी हलायचं न्हाई."

"मी कशाला हलतोय?"

दहाव्या मिनिटाला त्यांच्या पायाला मुंग्या आल्या. विसाव्या मिनिटाला कुठनंशी एक माशी येऊन बरोबर नाकाच्या शेंड्यावर बसली. दानेश्वरी टक लावून बघत होती. चन्नाप्पांनी माशीला बसू दिलं.