डाळीएवढा घास

दिवाळी सरल्यावर सिंधूच्या गळ्याखाली चिंचोक्याएवढा भाकरीचा तुकडा उतरत असे. संक्रांतीला तो तुरीच्या डाळीएवढा झाला. आता होळी तोंडावर आली होती आणि सोजराबाई दुधात कुस्करलेली भाकर फडक्यातून गाळत होती.

"पाच वर्साच्या पोरीले फडक्यातून काऊन चारतं वं?" सासू मनकर्णाबाई म्हणाल्या. "लाड हायेत तिचे. केळाचा मोठा घास दे, गळा आपोआप मोकळा होते."

दिला. सिंधूचे डोळे पांढरे झाले, लाळ गळू लागली. बऱ्याच वेळाने तो घास जसाच्या तसा बाहेर पडला. मग सोजराबाईचा नवरा शेषराव मायलेकींना घेऊन मेहकरच्या एस.टी.त बसला.

वाटभर सोजराबाईच्या डोक्यात एकच घोळत होतं. दसऱ्याला पोरीचं तोंड भाजलं, पंधरा दिवसांत फोड बसले, पोरगी पोळीसुद्धा खाऊ लागली. जखम तर भरली होती. मग महिन्याभराने गळा मिटायला का लागावा? 'गरम चहा पेली' असं तिने घरीदारी सांगितलं होतं. लिंबोळीच्या तेलाचा साबण करायला तिने पेलाभर पाण्यात कास्टिक सोडा भिजवला होता. कोंबड्या लवंडतील म्हणून तो पेला उचलून पाण्याच्या माठाशेजारी ठेवला होता. कोंबड्यांना जपलं होतं तिने.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सिंधूच्या घशात बॅटरी मारली. "संक्रांतीलाच सांगितलं होतं. आतली जखम भरताना अन्ननलिका आवळत चाललीय. नागपूरला नळ्या घालून हळूहळू रुंद करतात, महिने लागतात, आईला तिथे राहावं लागतं. तुम्ही गेला नाहीत. आणि ही काय प्याली, तेही सांगितलं नाहीत."

"चा पेली बाई, गरम चा," शेषराव म्हणाला.

"चहानं एवढं होत नाही."

"मंग नजर असंन. पन तीन बाबांचे अंगारे झाले, तेबी गिळल्या जात नाहीत तिले."

सिंधूने तोंडात साचलेली थुंकी आईच्या पदरात हळूच सोडली आणि पदराची घडी नीट मिटली, जणू कुणाला दिसायला नको.

सोजराबाई उठून उभी राहिली.

"चा नोय," ती म्हणाली. "साबनाचा सोडा पेली. म्याच ठेवला होता, माठापाशी."

शेषरावाची मान वळली. तिने तिकडे पाहिलं नाही.

"नागपूरची चिठ्ठी लिहा, बाई. सोडा पेली, असंच लिहा. पोरगी भाकर खाईपर्यंत मी तथंच राह्यतो."