मानेमागून तळपायाखाली

मी सलूनमधला हातआरसा. भिंतीवरचा नव्हे हं. तो आमचा थोरला भाऊ. त्याच्या वाट्याला चेहरे, मिशा, नटणं-मुरडणं. माझ्या वाट्याला माना. केस कापून झाले की मालक मला गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरतात, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, आणि विचारतात, "ठीक आहे?" गिऱ्हाईक म्हणतं, "छान." संपली माझी नोकरी.

आता आतली गोष्ट सांगतो. एकही माणूस बघत नाही. एकदा मालकांनी चुकून माझी प्लॅस्टिकची पाठ पुढे केली, तरी ते गृहस्थ म्हणाले, "छान."

मालकांना बरीच वर्षं मधुमेह आहे. गोळ्या घेतात, सकाळी फिरतात, बिनसाखरेचा चहा पितात. पिताना तोंड असं करतात की मालकीणबाई विचारतात, "मी काय विष कालवलंय?" तर एकदा मालक फिरून आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे गळली, त्यांना पत्ताच नव्हता.

दुकानात सगळे हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मालकांना हाताला धरून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनी डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, "पायाला हा नायलॉनचा ताठ दोरा टोचला की हो म्हणा." मालक वाट बघून कंटाळले. म्हणाले, "सिस्टर, सुरू करा की." सिस्टरचं टोचून तर कधीच संपलं होतं.

"तळपाय बधिर झालाय तुमचा," सिस्टर म्हणाल्या. "जखम झाली तर कळायची नाही. चिघळली तर पाय जाऊ शकतो. रोज आरशात तळवे बघायचे." दिवसभर उभं राहून पोट भरणारा माणूस तो. दुकानात परत येऊन मालकांनी हे सगळं सांगितलं आणि लगेच आरसा शोधला.

आणि आरसा कोणता, तर मी! मान निदान मान तरी असते हो. आता माझ्यासमोर टाचा. भिंतीवरचे थोरले बंधू दात काढून हसत होते.

दुकान बंद झालं की मालक गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचे, पाय गुडघ्यावर घ्यायचे आणि मला तळव्यासमोर धरायचे. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. चष्मा खिशात. स्वतःलाच विचारायचे, "ठीक आहे?" आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "छान."

कुठलं छान! कापलेला केस काट्यासारखा कातडीत घुसतो, आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. असाच एक केस टाचेशेजारी रुतून बसला होता. भोवती लाल झालं, मग सुजलं. मला सगळं दिसत होतं. मी जीव तोडून चकाकत होतो, पण मालक मला खुंटीला लटकवून निघून जायचे. मला खरंच रडू यायचं.

पुढच्या तपासणीला सिस्टरनी मलाही बोलावलं. पिशवीतून गेलो. मालकांनी नेहमीचा हात फिरवून दाखवला.

"काय दिसलं?"

"छान आहे."

"चष्मा कुठंय?"

"खिशात."

"घाला. आता काय काय दिसतंय ते मोठ्यानं सांगा."

"टाच. भेगा. हे... हे लाल काय आहे?" मालकांनी मला टाचेला जवळजवळ टेकवलंच. मग त्यांनी धीर गोळा केला. "माझ्याकडे चिमटा आहे, मीच काढतो."

"तो मिशीसाठी ठेवा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी केस काढला, पट्टी बांधली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पायावर भार देऊ नका म्हणून दटावलं. अजून उशीर झाला असता तर काय झालं असतं, तेही स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी मालकांनी घरी येईपर्यंत चष्मा काढला नाही.

मालकीणबाईंनी चाकांचं स्टूल आणलं. त्यावर बसून मालक गिऱ्हाइकाभोवती घरंगळत केस कापायचे. एकदा कात्रीसकट थेट दारापर्यंत गेले. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. आता रोज संध्याकाळी मालक चष्मा लावून तळव्यांचं धावतं वर्णन करतात आणि मालकीणबाई विचारतात, "बोटांच्या मधे पाहिलंत का?"

मीही आता रुसत नाही. तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल तर माझा एखादा भाऊबंद शोधा आणि त्यांचे पाय वर करायला लावा. वासाचं आम्ही मनावर घेत नाही.

परवा शाळेचे मुख्याध्यापक दाढीला आले होते. त्यांनाही मधुमेह. अर्धी दाढी झाली आणि ते सहज म्हणाले, बूट काढला तर मोजा ओला निघाला. मालकांनी वस्तरा खाली ठेवला, त्यांचा पाय वर घेतला आणि मला पुढे केलं. करंगळीखाली फोड फुटला होता. सरांना काही जाणवलंच नव्हतं.

"दवाखान्यात जा, आत्ताच."

"अहो, अर्ध्या तोंडाला फेस आहे."

मालकांनी त्यांना रिक्षात बसवलं, फेसासकट.

"दाढी पुन्हा वाढते, सर," ते म्हणाले. "पाय वाढत नाही."