टॅपेटमधला आत्मा

गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. हवा भरायला आलेले, ब्रेक दाखवायला आलेले, सगळे आपापली कामं सोडून आमच्या जुन्या गाडीभोवती जमले होते. बॉनेट उघडं होतं. चालू इंजिनातून टक-टक आवाज येत होता आणि तिकडे कान लावून, यंत्रांतले आत्मे ओळखणारे म्हणून गाजलेले स्पंदनमहाराज डोळे मिटून उभे होते.

"आत्मा आहे," महाराज म्हणाले. "मालकाचा. सुटका मागतोय."

मालक म्हणजे माझे बाबा. ते गेल्यावर आईने हौसेने इंजिन नव्याने बांधून घेतलं आणि पहिल्याच दिवशी ही टकटक सुरू झाली. आता तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्यामुळे त्यांना त्रास होतोय," ती पुटपुटली. मला महाराजांचा असा राग आला की सांगता सोय नाही.

महाराजांनी झोळीतून बाटली काढली आणि ऑइल भरायच्या तोंडातून तीर्थाची धार धरली.

"अहो, पाणी नको!" गॅरेजचा उस्ताद धावला.

"हे पाणी नव्हे, पुण्य आहे!"

आणि काय सांगू, टकटक हळूहळू बसली! लोकांनी हात जोडले. उस्तादानेही जोडले, गिऱ्हाईक गप्प होणार असेल, तर त्याला कुठलाही देव चालतो.

"आत्मा शांत झाला," महाराज म्हणाले. "पण त्याचा जीव गाडीत अडकलाय. गाडी मठात आली तरच मुक्ती. किल्ली?"

आई किल्ली काढायला गाडीत वाकली तेवढ्यात आत्या पुढे झाली. आत्या दातांची डॉक्टर. तोंड उघडून आत बघितल्याशिवाय तिचा कुणाच्याही दुखण्यावर विश्वास बसत नाही.

"थांब गं वहिनी. इंजिन चालू राहू दे. महाराज, बसा ना. आत्म्याबद्दल जरा सविस्तर सांगा."

महाराजांना आयता श्रोता मिळाला. ते भूलोकापासून एकेक लोक ओलांडत सातव्या लोकापर्यंत पोचले. तोवर इंजिन चांगलं तापलं. टक. टक-टक.

"आत्मा परत आला वाटतं," आत्या म्हणाली. "काही विसरलं असेल."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आत्याने तीर्थाची बाटली उस्तादाच्या नाकाखाली धरली. "हे काय आहे?"

"गिअर ऑइल," उस्ताद ओशाळून म्हणाला. "वरून गुलाबाचं अत्तर. दाट असतं, म्हणून थोडा वेळ आवाज दबतो. तापलं की पातळ होतं."

महाराजांना तेवढ्यात दुसऱ्या कुठल्यातरी आत्म्याचं बोलावणं आलं. ते गेले.

"आता जबडा उघडा," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, बाहेर आला. त्याच्यावरचे उंचवटे, म्हणजे कॅम, टॅपेटला ढकलतात, टॅपेट पुढे व्हॉल्व्ह उघडतात. एक उंचवटा पार झिजला होता आणि त्याच्या टॅपेटचा तळ खोलगट झाला होता; मधे पडलेल्या फटीमुळेच ती टकटक.

"नवा कॅम आणि टॅपेट एकमेकांशी जुळेपर्यंत रेस द्यावी लागते," उस्ताद खाली बघत म्हणाला. "तरच त्यांच्यावर पुरेसं तेल उडतं. पण ताई म्हणाल्या, 'नवंनवं आहे बिचारं, हळू चालू दे.' मी म्हटलं, हो ताई. आणि तासभर स्लो ठेवलं."

"म्हणजे माझंच चुकलं," आई म्हणाली.

"हो, चुकलं," आत्या म्हणाली. "तुझं थोडं, याचं जास्त. पण ही चूक आहे वहिनी, शाप नाही. चूक दुरुस्त होते. दादा कुठेही तडफडत नाहीये गं."

आई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. बाबा गेल्यापासून ती इतकी मोकळी रडली नव्हती.

नवा कॅमशाफ्ट आला, नवे टॅपेट आले, त्यांना काळं चिकट वंगण चोपडलं. चालू करायला या वेळी आईच बसली. इंजिन सुरू होताच तिने पाय दाबला आणि उस्ताद हात वर करेपर्यंत काढला नाही. गॅरेजभर कानठळ्या बसल्या. मग तिने पाय उचलला. इंजिन मवाळ घुमत राहिलं, कुठे टक नाही की टुक नाही.

मंडळी, गेलेल्या माणसाचं दुःख खरं असतं, म्हणून तर त्यावर खोटी दुकानं चालतात. तेव्हा आवाज आला की आधी कारण विचारा. आई तर एक पाऊल पुढे जाते. ती म्हणते, "मेकॅनिकला विचारा. आणि तो नुसताच 'हो ताई' म्हणाला, तर त्यालाही विचारा, हो का?"